मच्छरदाणीतलं यंत्र

गुरुजी फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणायचे नाहीत. ‘बोल, आधी घाबरू नकोस,’ असं म्हणायचे. समोरचा घाबरलेला असो की नसो. एकदा कुठल्याशा मोबाइल कंपनीच्या मुलीचा फोन आला, नवा प्लॅन घ्या म्हणून. तिलाही हेच. ती एवढी गडबडली की सॉरी म्हणून तिनंच फोन ठेवला. गुरुजी मग दिवसभर काळजीत. ‘काहीतरी अडलं असणार गं पोरीचं.’

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर त्यांचा नंबर पाठ असलेली माणसं किती असतील, देव जाणे. आमच्या आश्रमशाळेतून शिकून गेलेले तर सगळेच. विज्ञानाचं पुस्तक उघडायच्या आधी त्यांनी आम्हाला तो नंबर पाठ करायला लावला होता, पाढ्यांसारखा सुरात. पुस्तकातलं बरंचसं विसरले मी, पण नंबर अजून झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. त्यामुळे ज्याला जे अडेल तो गुरुजींना फोन लावायचा. साप चावलाय, कुठं नेऊ? दाखल्यावर आईचं नाव चुकलंय, कुणाला भेटू? मुकादम सुट्टी देत नाही, काय करू? गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे, एकदा सरकारवर ओरडायचे, एकदा फोन करणाऱ्यावर ओरडायचे, आणि मग काय करायचं ते नीट समजावून सांगायचे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा धंदाच उरला नव्हता.

मी जामसरची. त्यांची विद्यार्थिनी, आणि लाडकी वगैरे अजिबात नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी उत्तरं ठोकून द्यायची. येवो न येवो, पान भरायचं. गुरुजींना त्याचा भयंकर राग. परीक्षेत ज्याला उत्तर येत नाही आणि जो सरळ ‘ठाऊक नाही’ असं लिहील, त्याला ते अर्धा गुण द्यायचे. ठोकून दिलेल्या उत्तराला शून्य. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, ‘साहेब, अडाणी माणूस परवडला. खोटं सांगणारा शहाणा गावात नको.’ माझ्या पेपरावर भोपळे बघून आई रडकुंडीला यायची. पण पुढे नाशिकला कॉम्प्युटर शिकले, नोकरीला लागले आणि कामात चुका कमी करते म्हणून माझं नाव झालं, ते त्या भोपळ्यांमुळेच. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. शेफारले असते.

विक्षिप्तपणा म्हणाल तर भरपूर. ते कुणाच्याही घरी जेवायचे नाहीत, पण प्रत्येक घरी पाणी प्यायचेच. आता सूर्यमाळच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय चीज आहे ते तिथल्या बायकांच्या डोक्यांना विचारा. गुरुजी घरून बाटली भरून न्यायचे, ज्या घरी गेले त्या घरच्या हंड्यात ती आधी ओतायचे, आणि मग त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी मागून प्यायचे. ‘हा काय वेडेपणा?’ असं कुणी विचारलं, की म्हणायचे, ‘पाहुणा आहे मी, चोर नाही.’ बायका हसून लोळायच्या. पण गुरुजी यायच्या दिवशी हंड्यावरचं झाकण आधीच बाजूला काढून ठेवलेलं असायचं.

आणखी एक. आमच्या पाड्यांवर देवालाही ‘तू’ आणि गुरुजींनाही ‘तू’. ‘तुम्ही’ आम्ही शाळेत शिकलो. बदलून आलेल्या नव्या मास्तरांना ते झोंबायचं. गुरुजी स्वतः घाटावरचे, तिकडे शिस्त कडक, पण इथं कुणी ‘गुरजी, तू कठं चालला?’ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, चिडवायच्या, ‘मी कधी तू म्हटलं तर घर डोक्यावर घेतील हे.’

मागच्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं ओरडून ओरडून बसला असेल, तेवढं पुण्य तर त्यांनी केलंच होतं. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, काढे झाले. शेवटी काकूंनी ओढत नाशिकला नेलं, तिथून मुंबईला पाठवलं, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल.

त्यानंतर त्यांचा मला फोन आला. आवाज पत्रा घासल्यासारखा. ‘घाबरू नकोस. मला एक यंत्र क्लाउडवर चढवायचंय. तू तेच करतेस ना तिकडे? ये मग.’

मी नाशिकहून एसटी पकडली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, आणि वाटेत डोक्यात एकच विचार, म्हाताऱ्याला वेड लागलं. घरी जाऊन बघते तर मधल्या खोलीत चांगली पाळण्याएवढी मच्छरदाणी टांगलेली आणि तिच्यात एक कॉम्प्युटर! दिव्याला येणारे किडे पंख्यात अडकतात म्हणून ही व्यवस्था. शाळेनं मोडीत काढलेल्या दोन-तीन मशीनचे भाग जोडून गुरुजींनी तो उभा केला होता.

‘मी रात्रभर डास मारत बसते,’ काकू म्हणाल्या, ‘आणि मच्छरदाणी त्याला.’

‘तुला हात आहेत डास मारायला. त्याला आहेत का?’ गुरुजी म्हणाले.

त्या कॉम्प्युटरमध्ये चॅटबॉट होता. खराखुरा, गुरुजींनी स्वतः बसवलेला. इंटरनेटवरून कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो असं एक एआय मॉडेल त्यांनी उतरवलं होतं, व्हिडिओ बघून बघून घरच्या मशीनवर चालतं केलं होतं, आणि मग आख्खा पावसाळा दोन बोटांनी टाइप करून त्याला आपली सगळी उत्तरं भरवली होती. सापाचं, दाखल्याचं, रेशनचं, बाळंतपणाचं. आमच्या बोलीतले शब्दही शिकवले होते. त्याला फोनवरून मेसेज बोलून पाठवायचा, ते बोलून उत्तर देणार. फक्त उत्तराला इतका वेळ लागायचा की तोवर काकूंचा कोरा चहा उकळून खाली यायचा. आणि लाइट गेली की यंत्रही गेलं. जव्हारच्या पावसात लाइट किती टिकते हे काय मी सांगायला हवं?

मी चाटच पडले. कंपनीत आमच्याकडे चार माणसं मिळून हे काम करतात. पण तोंडावर म्हटलं, ‘बरं जमलंय.’

‘बरं नाही, उत्तम जमलंय,’ गुरुजी म्हणाले. ‘आता ऐक. दिवाळीनंतर लोक जगायला जाणार. तेव्हाच फोन जास्त येतात. मी तिकडे घसा कापून घेऊन पडलेला असणार, इथं लाइट गेली तर मशीन कोण चालू करणार? ते चोवीस तास जागं राहील अशा ठिकाणी ने. तोवर मी ऑपरेशनला जात नाही.’

‘जगायला जाणं’ हा आमच्याकडचाच शब्द. भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्याला आम्ही कामाला गेला म्हणत नाही, जगायला गेला म्हणतो.

मी हसण्यावारी नेलं. पण स्वयंपाकघरात काकूंनी मला भिंतीशी गाठलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘डॉक्टरांनी दिलेली एक तारीख यांनी मला न विचारता पुढे ढकलली गं. डॉक्टर म्हणाले, गाठ काही तुमच्यासाठी थांबत नाही. तू ते काय चढवायचं ते चढव बाई, आणि यांना गाडीत बसव. माझं ऐकणार नाहीत.’ तेव्हा माझं हसू पळालं. सुट्टी वाढवून घेतली आणि पदर खोचून कामाला लागले.

आता क्लाउड म्हणजे काही ढग नव्हे. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या इमारतीत हजारो मशीन रात्रंदिवस चालू असतात, त्यातला एक कोपरा आपण भाड्यानं घ्यायचा, बस. हे मी गुरुजींना सांगितलं तर त्यांची चौकशी सुरू.

‘इमारत कुठं आहे?’

‘मुंबईकडे.’

‘मुंबईत कुठं?’

‘ते सांगत नाहीत, गुरुजी. सुरक्षेसाठी.’

‘वा गं वा! म्हणजे मुलगी दिली, आणि सासर कुठलं ते ठाऊक नाही!’

दोन दिवस ते याच मुद्द्यावर अडून बसले. शेवटी मी म्हटलं, ‘आश्रमशाळेत आम्हाला आईबापांनी सोडलं तेव्हा त्यांना तरी कुठं ठाऊक होतं तुम्ही कसे आहात ते? पत्र्याची पेटी भरली आणि धाडलं.’ हे त्यांना पटलं. योगायोगानं कामही तसंच असतं. यंत्राला जे जे लागतं, मॉडेल, उत्तरं, चालवायच्या सूचना, ते सगळं एका डब्यात बांधायचं आणि डबा तिकडे पाठवायचा. तिकडे डबा उघडला की यंत्र जसं घरी होतं तसंच उभं राहतं. गुरुजी त्याला पेटीच म्हणायला लागले. ‘पेटीत सगळं घातलंस ना? काही राहिलं नाही ना?’ असं येता-जाता विचारायचे.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा यंत्रानं तिथं पोचताच मान टाकली. मी घेतलेलं मशीन त्याच्या मानानं लहान होतं. मोठं घेतलं, चाललं. आणि काय सांगू, घरी चहा उकळेपर्यंत वेळ घेणारं ते ध्यान तिकडे विचारल्या विचारल्या बोलायला लागलं. गुरुजींनी मच्छरदाणीतल्या मशीनकडे असं बघितलं की जणू त्याचीच चूक होती.

मला एक कल्पना सुचली होती. म्हटलं, ‘गुरुजी, अजून थोडाफार आवाज आहे तोवर तो टेप करू. जुनी भाषणंही आहेत. यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल.’

ते इतके भडकले की खोकला लागला. ‘मेलेल्याचा आवाज काढून लोकांना फसवायचं?’

‘तुम्ही कुठं मरताय?’

‘आवाज तर मरतोय ना! नाही म्हणजे नाही. त्यानं पहिल्यांदा सांगायचं, मी गुरुजी नाही, गुरुजींनी शिकवलेलं यंत्र आहे. आणि जे येत नाही तिथं सरळ म्हणायचं, ते मला ठाऊक नाही.’

‘पण लोकांना तुमची आठवण येईल ना.’

‘कसली आठवण? लोक मला फोन करत नाहीत गं, उत्तराला फोन करतात. टपालपेटीवर कुणी प्रेम करतं का? कुलूप लागलं की माणूस पुढच्या पेटीत पत्र टाकतो. उत्तर मिळालं पाहिजे, एवढंच.’

हे ते अगदी मनापासून म्हणाले. दुःखानं वगैरे नाही, हिशेब सांगितल्यासारखं. मला मात्र वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

मग चाचणी. गुरुजींनी ओळखीच्या काही जणांना यंत्राचा नंबर दिला आणि सांगितलं, मला विचारता तसं याला विचारा. दुसऱ्या दिवशी मी सगळी बोलणी काढून बघितली आणि खूश झाले. एकही चूक नाही! कुणी भातकापणीचं बोललं होतं, कुणी पावसानं कसा दगा दिला ते सांगितलं होतं, एकानं म्हशीचं पुराण लावलं होतं. यंत्रानं सगळ्यांना छान उत्तरं दिली होती, सगळे ‘येतो गुरजी’ म्हणून गेले होते. मी विजयी वीरासारखी आत गेले.

‘झालं काम. चला गाडी सांगू.’

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. ‘यातल्या एकानं तरी कामाचं विचारलंय का?’

‘नसेल कुणाला काम.’

‘काम नसताना आपला माणूस फोन करतो होय? काहीतरी चुकलंय. नाही जात मी.’

आता मात्र मी कपाळावर हात मारला. आत काकूंनी भांडं आपटलं. त्या आवाजातच सगळं आलं. पण गुरुजी ढिम्म.

उत्तर आलं ते आपल्या पायांनी. वांगणीची एक बाई, गुरुजींच्याच हाताखाली शिकलेली, बाजाराला जव्हारला आली होती. ती घरी आली. आली म्हणजे काय, अंगणात येऊन ‘हाय का गुरजी?’ म्हणाली आणि पायरीवर बसली. काकूंनी पाणी दिलं. मग भात किती झाला ते झालं. रस्ता कसा वाहून गेला ते झालं. नागलीचं झालं, तिच्या सासूच्या गुडघ्याचं झालं. गुरुजी आपले ऐकतायत. मग ती उठली, पदर झटकला, ‘येते गुरजी,’ म्हणाली, चार पावलं गेली. आणि वळून म्हणाली, ‘तुझा तो यंत्र लय रागीट हाय हां.’

‘का गं?’

‘मी येते म्हटलां, तर त्यानं दारच लावलां. मग मी काय बोलू?’

‘काय बोलायचं होतं तुला?’

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. ‘आम्ही जगाया जातू भट्टीवर. धाकटीला संगं नेऊ, का शाळेत ठेवू? तिचा बापूस म्हणतो, संगं ने, भाकरी तरी करील. सातवीत हाय ती.’

मी ओट्यावर बसल्या जागी थंड पडले. कारण ते ‘दार’ मीच बांधलेलं होतं. भाड्याच्या मशीनवर जागा अडवून ठेवायची नाही, हा आमच्या कामातला साधा नियम. म्हणून मी असं केलं होतं की माणूस ‘येतो’, ‘जातो’, ‘ठेवतो’ असं काही म्हणाला की बोलणं संपलं समजायचं, आभार मानायचे आणि मोकळं व्हायचं. त्यानंतर काही आलं तर एकच उत्तर: ‘आपले संभाषण समाप्त झाले आहे.’ जगात सगळीकडे असंच करतात, आणि माझ्या मते त्यात काही चूक नाही.

पण आमच्याकडे माणूस कामाचं बोलतो तो निरोप घेतल्यावर! आल्या आल्या कामाचं तोंड काढणं म्हणजे त्या घराला हिणवणं. आधी बसायचं, पाणी प्यायचं, चार गोष्टी करायच्या, उठायचं, ‘येतो’ म्हणायचं, आणि जाता जाता, जणू आत्ताच आठवलं असं, ज्यासाठी मैलभर चालून आलो ते बोलायचं. मी स्वतः आईला फोनवर ‘ठेवते गं’ म्हटल्यावरच खरं काय ते सांगते. हे मला ठाऊक नव्हतं का? पण कोड लिहायला बसले की मी नाशिकची होते, त्याला काय करणार.

गुरुजींनी त्या बाईला आधी सांगितलं, ‘पोरगी शाळेतच राहील. तिच्या बापाला मला फोन करायला सांग, आजच, माझा आवाज आहे तोवर.’ मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता भोपळा. पण त्यांचे डोळे नुसते चमकत होते. ‘सापडलं!’ म्हणाले.

‘मग आता ‘येतो’ म्हटल्यावर यंत्रानं काय करायचं? विचारायचं का, की अजून काही मदत हवी का?’

‘छे! असं विचारलं तर तो लाजून पळून जाईल. फक्त ‘हं’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.’

‘गुरुजी, ‘हं’ हे काय उत्तर झालं?’

‘आख्खी नोकरी मी याच उत्तरावर केली. तू ते घाल.’

घातलं. माणूस निरोप घेईल, यंत्र ‘हं’ म्हणेल, आणि तासभर दार उघडं ठेवून वाट बघत राहील. ज्यानं आधी जे सांगितलं ते विसरायचंही नाही. कंपनीत माझ्या साहेबांना हे दाखवलं असतं तर त्यांनी मलाच दाराबाहेर काढलं असतं. पेटी परत बांधली, परत चढवली.

दुपारपर्यंत सूर्यमाळच्या एका बाप्याचं बोलणं आलं. गुरुजी, काकू आणि मी, तिघं लॅपटॉपवर वाकलेलो. तो सावकाश, मजेत बोलत होता. झरा आटत चाललाय, आतापासूनच. भात बरं झालंय. बैल म्हातारा झालाय. मग ‘जातू गुरजी.’ यंत्र म्हणालं, ‘हं.’ नंतर काहीच नाही. काकूंनी देवाचं नाव घेतलं. आणि मग त्याचा आवाज आला, ‘पोराला काल कुत्रा चावला पायाला. हळद लावली. चालंल ना?’

यंत्र लगेच म्हणालं, ‘नाही चालणार. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं भरपूर वेळ धू, आणि आजच पोराला दवाखान्यात ने. सगळी इंजेक्शनं पुरी करायची, एकही चुकवायचं नाही. उद्यावर टाकू नकोस.’

गुरुजींनी शब्द न् शब्द ऐकला. तरी राहवलं नाहीच. त्याच क्षणी त्या बाप्याला फोन लावून घासक्या आवाजात ओरडले, ‘ऐकलंस ना? नीघ आधी! सबबी सांगत बसू नकोस.’ पोरगा त्या दिवशीच दवाखान्यात पोचला. आता उड्या मारतोय.

फोन ठेवून गुरुजींनी लॅपटॉप मिटला. मग काकूंना म्हणाले, ‘बॅग भर.’ काकूंनी ती कधीच भरून ठेवली होती.

ऑपरेशन मोठं झालं, पण नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. मी भेटायला गेले तेव्हा गळ्याला नळी, चेहरा उतरलेला, आणि तरी बोटांनी पहिली खूण काय, तर यंत्र चालू आहे का? नर्सनं त्यांना लिहायला पाटी दिली होती, ती त्यांनी उशाखाली दडवली होती. पाटी पोरांची असते म्हणे. फोनवर दोन बोटांनी टाइप करून बोलत होते. मला त्यांनी लिहून दाखवलं, ‘बघ, माझ्यावाचून काही अडलं नाही.’ वर पुन्हा हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला.

म्हणून मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला. पाड्यापाड्यावर बातमी गेलेली होती. जगायला गेलेले लोक भट्ट्यांवरून बोलत होते, मागे राहिलेले घरून. थंडी पडली, विटांचं काम लागलं, कोंबडी बसली अंड्यावर. ‘येतो.’ ‘हं.’ आणि त्यानंतर, कामाचं जिथं यायचं तिथं, एकाचं आलं, ‘गुरजी बरा हाय ना?’

यंत्र म्हणालं, ‘ते मला ठाऊक नाही.’

खाली दुसरं. ‘येते.’ ‘हं.’ ‘ऑपरेशन झाला का? लय दुखतां का त्याला?’ ‘ते मला ठाऊक नाही.’ आणखी खाली, ‘गुरजीला जेवाया देतात का तिकडं?’ ‘ते मला ठाऊक नाही.’ सूर्यमाळचा तो बाप्या तर यंत्रावर उखडलाच होता. ‘कसा रं यंत्र तू? ज्यानं शिकवला, त्याचाच तुला ठाऊक नाय?’

दाखल्याचं नाही, रेशनचं नाही. हेच, एकामागून एक. गुरुजी वाचत गेले आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. मग ते रडले. आवाजच नाही, त्यामुळे नुसते खांदे हलत होते. काकू त्यांची पाठ चोळत होत्या आणि मी, मी पण रडत होते, कशाला लपवू?

थोड्या वेळानं त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. आधी लिहिलं, ‘प्रकृती स्थिर आहे.’ खोडलं. मग बराच वेळ विचार करून दोन बोटांनी एक एक अक्षर दाबत लिहिलं: ‘बरा आहे. आवाज गेला, कान आहेत. माझ्या नंबरवर फोन करून तू बोल, मी ऐकेन.’

मी ते यंत्रात घातलं, पेटी बांधली, तिथंच खाटेच्या कडेला बसून चढवली. मिनिटभराचं काम.

मी चहा आणायला खाली जाऊन वर येते तोच गुरुजींचा फोन वाजला. भट्टीवरून वांगणीची बाई. त्यांनी तो कानाला लावला आणि फोनच्या पाठीवर नखानं दोनदा टकटक केलं. पलीकडचं बोलणं मला खाटेपाशी ऐकू येत होतं. आधी थंडीचं, मग विटांचं, मग धाकटी शाळेत कशी आहे त्याचं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून टकटक करत होते. एवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आत आली. काकू चटकन उठल्या आणि तिला दारातच हात आडवा केला.

‘जरा थांबा हं सिस्टर,’ काकू म्हणाल्या. ‘ते फोनवर बोलतायत.’